चावीवाले भाऊ आणि खाडीचं पाणी

भाऊ आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आधी बाथरूममधला गळका नळ दुरुस्त केला आणि मग प्रार्थना केली. मी चहा टाकायला आत गेले होते. बाहेर येऊन बघते तर दाराशी चपला आहेत, पण पाहुणे खुर्चीत नाहीत. तेवढ्यात आतून आवाज आला, "ताई, पाना आहे का घरात?" त्यांच्या शर्टाच्या एका खिशात छोटी डबी असायची, तिच्यात वेगवेगळ्या मापांचे वायसर. दुसऱ्या खिशात बोटभर जाडीचं पवित्र शास्त्र. एवढी दोन सामानं घेऊन हा माणूस शांती नगरमध्ये घरोघरी फिरायचा.

"नळ टपटपत असला की माणसाचं लक्ष लागत नाही," हात पुसत ते म्हणाले. "आता डोळे मिटा."

मी डोळे मिटले, पण माझं सगळं लक्ष त्यांच्या ओल्या कोपरांवरून फरशीवर पडणाऱ्या थेंबांकडे होतं. त्या दिवशी त्यांनी कशासाठी प्रार्थना केली ते मला आजही सांगता येणार नाही. नळ मात्र पुन्हा कधी गळला नाही.

पाणीखात्यात चावीवाला म्हणून त्यांची उभी नोकरी झाली होती. चावीवाला म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यात लांब दांड्याची चावी घालून एका वस्तीचं पाणी बंद आणि दुसरीचं चालू करणारा माणूस. आमच्या भागात अशा माणसाचा वट नगरसेवकापेक्षा जास्त. निवृत्त झाले तरी डोक्यातलं वेळापत्रक काही निवृत्त झालं नव्हतं. माणसांची नावं ते विसरायचे, पाण्याची वेळ विसरायचे नाहीत. मंडळीत माझी ओळख करून देताना म्हणाले, "ह्या आपल्या नव्या बहीण. काशीमिऱ्याच्या हॉस्पिटलात नर्स आहेत. पाच चाळीस, पंचवीस मिनिटं." लोकांनी समजूतदारपणे माना हलवल्या. मला वाटलं, ही शास्त्रातल्या कुठल्या तरी अध्यायाची खूण असेल.

मंडळी म्हणजे आम्ही पन्नासेक माणसं. शांती नगरमध्ये हार्डवेअरच्या दुकानावर एक हॉल आहे, आठवडाभर तिथे मुलांचा गणिताचा क्लास चालतो आणि रविवारी सकाळी आम्ही जमतो. फळ्यावर आदल्या दिवशीचे पाढे तसेच असतात. बाहेर पाटी नाही, आत वेदी नाही, आणि पाळकही नाही. कोणीही भाऊ उठून वचन सांगतो, एक भाकर मोडून सगळ्यांत फिरते, मराठी गाण्याच्या पाठीला हिंदी गाणं लागतं. कोणी केरळातल्या कुठल्या जुन्या चर्चचे, कोणी तमिळ, कोणी गोव्याकडचे, आम्ही काही नगरकडचे. आपापल्या पाट्या दाराबाहेर चपलांसारख्या काढून आत यायचं, अशी भाऊंची शिस्त होती.

त्यांना कोणी विचारलं, "तुम्ही कोणते?" की ते म्हणायचे, "ख्रिस्ती."

"ते कळलं हो. पण कुठले ख्रिस्ती?"

"शांती नगरचे."

हॉलच्या मालकाने एकदा सुचवलं की बाहेर एखादं चांगलं नाव लावा, लोकांना सापडेल तरी. भाऊंनी त्याला विचारलं, "पहिल्या मंडळ्यांना नाव होतं का? लिहिलंय का कुठं?" तो बिचारा जैन, त्याला काय ठाऊक. पण "लिहिलंय का कुठं?" हा भाऊंचा हुकमी प्रश्न होता आणि त्यातून कोणी सुटलं नाही. नाताळचा कंदील, पाळकाचा पांढरा पट्टा, पुढच्या रांगेतली राखीव खुर्ची, सगळं त्या एका प्रश्नाने उडालं. एका चेष्टेखोर भावाने विचारलंही, "भाऊ, या प्लॅस्टिकच्या खुर्च्या कुठं लिहिल्यात?" भाऊ शांतपणे म्हणाले, "मग उभा राहा." पोरगा तासभर उभा राहिला, आणि त्याला एकट्याला बरं वाटत नसेल म्हणून भाऊही उभे राहिले.

हट्टी होते, यात शंका नाही. मला त्यांचा कितीदा राग यायचा. गाणं ऐन रंगात आलेलं असताना खाली टँकर थांबला की हे अर्ध्या कडव्यावरून उठून पाइप नीट लावलाय का बघायला जाणार. कोणी आपलं दुःख सांगायला लागलं की डोळे मिटून, मान वाकडी करून ऐकणार. नव्या माणसाला वाटायचं, झोपले. ती त्यांची नोकरीतली सवय होती. जमिनीखालची गळती शोधताना लोखंडी सळई पाइपला टेकवून तिला कान लावायचा, त्या वेळी मान अशीच करावी लागते म्हणे. आता ते लेकाकडे नाशिकला असतात आणि फोन केला की पहिल्यांदा विचारतात, "पाणी वेळेवर येतं ना?"

पण मला सांगायचं आहे ते माझ्या आईचं.

माझे आजोबा नगरकडच्या एका गावात मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि चर्चचे पंच. आई तीन महिन्यांची असताना त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि पाळकसाहेबांनी तिच्या कपाळावर पाणी शिंपडलं. त्या दिवसाचा फ्रॉक तिने अजून जपून ठेवला आहे. आमच्या या बिनपाटीच्या मंडळीत मात्र असं मानतात की बाप्तिस्मा कळत्या वयात, स्वतः विश्वास ठेवून, स्वतःच्या तोंडाने कबूल करून घ्यायचा, आणि पूर्ण पाण्याखाली जाऊन. मी तसा घेतला तेव्हा आईने पंधरा दिवस माझ्यापुढे ताट आपटलं. वडील गेल्यापासून ती माझ्याकडेच राहायची, त्यामुळे ताट चुकवायचीही सोय नव्हती.

सोळाव्या दिवशी ती पदर खोचून भाऊंशी भांडायला हॉलवर गेली. मी मागोमाग धावले.

"माझ्या बापाने मला देवाच्या पायावर घातलं, ते खोटं होतं का?" तिने उभ्या उभ्या विचारलं.

भाऊंनी डोळे मिटले, मान वाकडी केली आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खोटं कशाला बाई? एकदम खरं होतं. पण तो तुमच्या वडिलांचा विश्वास. तुमचा कुठाय?"

खोचलेला पदर सोडून आई घरी आली. तिला असं कोणी आयुष्यात विचारलं नव्हतं. बापाची लेक, मग नवऱ्याची बायको म्हणून ती सत्तर वर्षं चर्चमध्ये डावीकडच्या बाकावर बसत आली होती. आठ महिने ती या विषयावर एक अक्षर बोलली नाही. एका सकाळी पीठ मळता मळता म्हणाली, "त्या चावीवाल्याने विचारलं होतं ना, ते सापडलं. मला बाप्तिस्मा घ्यायचाय."

मी आनंदाने ओरडणार तोच तिने पिठाचा हात वर केला. "गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधी. भुलीतून उठते न उठते कोणाला ठाऊक? आणि एकदा धीर गोळा केलाय, तो पुन्हा पुन्हा व्हायचा नाही."

धीराचं कारण वेगळं होतं. आई सात वर्षांची असताना विहिरीत पडली होती. दोर सोडून तिला वर काढलं, तेव्हापासून ती पाण्याला भिते. आजही आंघोळ करताना तांब्या डोक्यावर ओतायच्या आधी ती मोठ्याने आजोबांची प्रार्थना म्हणते. ऑपरेशन बुधवारी होतं आणि त्याच्या आधी एकच रविवार उरला होता.

इतर काही मंडळ्या प्लॅस्टिकची मोठी टाकी भरून बाप्तिस्मा देतात. भाऊंना ते कदापि मान्य नव्हतं. "लोक हंडे घेऊन टँकरमागे धावतायत आणि मी पिण्याच्या पाण्यात माणसं बुडवू?" एरवी आम्ही उत्तनच्या समुद्रावर जायचो, पण वाळूत आईचा गुडघा टिकला नसता. म्हणून भाऊ आदल्या रविवारी सकाळी मुर्ध्याला जाऊन खाडीवरचा एक जुना धक्का बघून आले. दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, बाजूला धरायला लोखंडी कडी. "सात वाजता काठोकाठ होतं," त्यांनी जाहीर केलं. "पुढच्या रविवारी सात वाजता सगळ्यांनी हजर."

तर आम्ही सात वाजता हजर झालो. काशीमिऱ्याला गॅरेज असलेले आमचे एक मल्याळी भाऊ टेम्पो घेऊन आले होते. आई पांढऱ्या साडीला जागोजागी पिना टोचून, दोन रिक्षांतली माणसं, डबे, टॉवेल, सगळा सरंजाम. आणि समोर खाडी नव्हती. धक्क्याच्या पायऱ्या संपल्या की नुसता काळा चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या आणि दूर कुठे तरी पाण्याची एक रेघ.

भाऊ पायरीवर उभे राहून त्या चिखलाकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "पाणी कोणी बंद केलं?" असंच त्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

धक्क्याजवळच्या घराच्या पडवीत एक कोळीण मावशी बोंबील निवडत बसल्या होत्या. त्यांनी आमचे पांढरे कपडे पाहिले, चिखल पाहिला आणि विचारलं, "कंच्या गावचं तुमी?"

"मावशी, मागच्या रविवारी सात वाजता पाणी होतं," भाऊ म्हणाले.

"मंग? खाडीचं पानी काय तुमच्या नलाचं हाय? रोज पाऊन घंटा म्होरं सरकतं. आता सुकती हाय. दुपारपरत न्हाय यायचं."

चाळीस वर्षं पाण्याच्या वेळा सांभाळलेल्या माणसाला हे माहीत नव्हतं. भाऊ मटकन पायरीवर बसले. आमच्यातल्या दोघांतिघांना हसू आवरेना, त्यात मीही होते. मग आईकडे नजर गेली आणि हसू थांबलं. ती पिना चाचपत उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

गॅरेजवाले भाऊ भला माणूस. ते हळूच म्हणाले, "माताजी, एक लोटा सिर पे डाल देते हैं. प्रभु समझेगा."

"लोटा तर माझ्या बापाने तेव्हाच घालून घेतला होता," आई म्हणाली. "तेवढ्यासाठी मी इथवर आले का? मी थांबते."

म्हणून सगळेच थांबले. कोणी घरी गेलं नाही. मावशींनी पडवी मोकळी करून दिली, सुनेला चहा टाकायला लावला. आम्ही गाणी म्हटली, डबे सोडले. आमच्या मंडळीतल्या एक तमिळ अम्मा, साठीच्या पुढच्या, आईशेजारी बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, तरी डब्यातली इडली आणि आमची भाकरी यांची अदलाबदल झाली. या अम्मा कितीतरी वर्षं दर रविवारी यायच्या, पण बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. विचारलं की नुसत्या हसायच्या.

दहाच्या सुमाराला पाण्याची रेघ जवळ आली, पहिली होडी सरळ झाली आणि आईला घाम फुटला. तिने भाऊंना हाक मारली.

"भाऊ, राग मानू नका. तुमची कंबर दुखते, मी जड बाई. मला पाण्यात हिनेच धरायचं." तिने माझ्याकडे बोट केलं. "हिचे हात मला माहीत आहेत. ही दिवसभर माणसं उचलते. हिने धरलं तर मी जाईन. नाहीतर माझ्याने व्हायचं नाही."

भाऊ म्हणाले, "ताई बाजूला उभ्या राहतील ना. पण बाप्तिस्मा मंडळीतले पुरुषच देतात बाई. आजवर तसंच झालंय."

"लिहिलंय का कुठं?" आईने विचारलं.

पडवीत मागून कोणी तरी खुदकन हसलं आणि सगळी मंडळी हसायला लागली. गॅरेजवाले भाऊ तेवढे हसले नाहीत. "आज तक बहन लोगों ने नहीं दिया," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. कोळीण मावशींना भांडण काय आहे ते कोणी तरी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोरगी आईला न्हाऊ घालते, त्यात कोनचा देव रागावंल?"

"देव रागवत नाही, मावशी," भाऊ म्हणाले. "माणसं रागावतात." आणि खिशातलं शास्त्र काढून ते कलंडलेल्या एका होडीच्या सावलीत जाऊन बसले.

खरं सांगते, मला त्या वेळी फार राग आला होता. सगळे याजक आहेत, देव आणि माणूस यांच्यामध्ये तिसरा कोणी नको, हे मी याच माणसाच्या तोंडून ऐकून या मंडळीत आले होते. आणि आता माझ्याच आईला पाण्यात धरायला मला परवानगी लागत होती. पण होडीशी बसलेल्या त्या आकृतीकडे बघितलं की रागही धड येईना. पानं पुढे उलटत होती, मागे उलटत होती. ऊन सरकलं तसे ते सावलीबरोबर सरकले. एकदा चष्मा काढून बराच वेळ नुसते बसून राहिले. मनात येईल ते सांगून मोकळं होणं त्यांना सहज जमलं असतं, सगळ्यांनी ऐकलंही असतं. पण ते शोधत होते.

पाणी तिसऱ्या पायरीला लागलं तेव्हा ते उठून आले. पँट गुडघ्यापर्यंत ओली, तिचं त्यांना भान नव्हतं.

"नाही लिहिलेलं," ते म्हणाले. "द्या असं लिहिलंय. हात कोणाचा ते कुठंच लिहिलेलं नाही. इतकी वर्षं मी बाहेर पाटी लावू दिली नाही आणि आत स्वतःच एक लावून बसलो होतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, माफ करा. उतरा पाण्यात."

गॅरेजवाले भाऊ म्हणाले, "आप बोलते हो तो ठीक है."

"मैं नहीं बोलता," भाऊ म्हणाले. "मेरा बोलना कब से चलने लगा?"

मी कमरेपर्यंत उतरले. आई कडीला धरून एकेक पायरी खाली आली आणि पाणी पोटाला लागताच तिने दोन्ही हातांनी माझा दंड असा आवळला की वळ चार दिवस राहिले. पेशंटला सांगते तसं मी तिला सांगितलं, मान माझ्या हातावर टाक, गुडघा सैल सोड, श्वास मी सांगते तेव्हा धर. मग विचारायचा प्रश्न विचारायची वेळ आली. मी विचारलं, "आई, येशू ख्रिस्त तुझा प्रभू आहे, असं तू मानतेस?"

तिने धक्क्यावरच्या माणसांकडे बघितलं आणि चर्चच्या त्या डाव्या बाकावरून कधी निघाला नव्हता अशा आवाजात म्हणाली, "मानते. माझ्या बापाने मानलं म्हणून नाही. मी मानते."

मी तिला मागे कलती केली. पाणी चेहऱ्यावरून गेलं, एक क्षण तिची बोटं माझ्या दंडात रुतली आणि मग सैल पडली. वर आली ती खोकत, शेंबूड पुसत, हसत. धक्क्यावर एकच गलका झाला. कोळीण मावशी आणि त्यांच्या सुना टाळ्या वाजवत होत्या, गॅरेजवाले भाऊ मल्याळममध्ये मोठ्याने काही म्हणत होते आणि भाऊ दोन्ही हात वर करून बेसूर गात होते. मला वाटलं, आपण आज सगळं जग जिंकलं.

"चल आई, वर चल," मी म्हटलं. पण ती हलेना. ती माझ्या मागे बघत होती.

तमिळ अम्मांनी चपला काढल्या होत्या. पदर कमरेला खोचून त्या पहिल्या पायरीवर उभ्या होत्या.

"मेरे को भी," त्या म्हणाल्या.

भाऊंचं गाणं थांबलं. "अम्मा, इतना साल मैं पूछता था. आप ना बोलते थे."

अम्मांनी मान खाली घातली. "पानी में आदमी लोग पकड़ता है. मेरे को शरम आता था. आपको कैसे बोलेगी?"

भाऊंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी वर्षं मान वाकडी करून सगळ्यांचं ऐकलेल्या त्या माणसाला हे कधी ऐकू आलं नव्हतं. खाली वाकून त्यांनी अम्मांच्या चपला उचलल्या, पिशवी काखेत घेतली, चष्मा मागून घेतला आणि वाट सोडून बाजूला उभे राहिले.

अम्मा दोन पायऱ्या उतरल्या आणि भरतीचा जोर बघून तिथेच थबकल्या. मी पुढे व्हायच्या आत आई पुढे झाली. दहा मिनिटांपूर्वी माझा दंड न सोडणारी माझी आई छातीएवढ्या पाण्यात एकटी उभी होती आणि तिने दोन्ही हात पुढे केले होते.

"या," ती म्हणाली. "घाबरू नका. एका बाजूने ही धरेल, एका बाजूने मी धरते."